सल्लागार वास्तुविशारद जॉर्ज विटेट : मुंबई इलाख्यातील शासकीय वास्तुकलेचा एक अभ्यास

प्रस्तावना :

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात राजकीय चळवळी, समाजसुधारणा, शेती, उद्योग आणि शिक्षण या विषयांना मोठे स्थान मिळाले आहे. ज्या इमारतींमध्ये या चळवळींच्या सभा भरल्या, ज्या न्यायालयांत खटले चालले, ज्या प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत पहिल्या भारतीय पिढ्या शिकल्या, त्या इमारती कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या पैशाने उभारल्या, हा प्रश्न मात्र बहुधा वास्तुकलेच्या अभ्यासकांवर सोपविला जातो. वस्तुतः सार्वजनिक इमारत हा इतिहासाचा दस्तऐवजच असतो. तो कागदावर नसून दगडात लिहिलेला असल्यामुळे त्याचे वाचन वेगळ्या रीतीने करावे लागते, एवढेच.

मुंबई इलाख्याच्या सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणून काम केलेले जॉर्ज विटेट यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यासनीय ठरते. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या त्यांच्या दोन वास्तू सर्वपरिचित आहेत. परंतु याच वास्तुविशारदाने विज्ञान संस्था, न्यायालय, बंदर कार्यालय, व्यापारी वसाहत आणि अखेरीस राष्ट्रीय भावनेतून उभे राहिलेले एक वैद्यकीय महाविद्यालय यांचेही आराखडे तयार केले, ही बाब तुलनेने कमी ज्ञात आहे. साम्राज्याच्या वैभवाचे प्रवेशद्वार रचणारा अधिकारी आणि भारतीय अध्यापकांसाठी राखून ठेवलेल्या महाविद्यालयाची इमारत रचणारा वास्तुविशारद एकच होता. या विसंगतीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मुंबई इलाख्यातील सल्लागार वास्तुविशारद या पदाची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) विटेट यांच्या प्रमुख सार्वजनिक वास्तूंचा हेतू, शैली आणि आश्रयदाते यांच्या आधारे आढावा घेणे.
३) शासकीय वास्तुविशारदाच्या कार्याचे स्वातंत्र्योत्तर दृष्टीने मूल्यमापन करणे.

१. अभियंत्यांचे युग आणि सल्लागार वास्तुविशारदाचे पद :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना झाली. रस्ते, पूल, कालवे, बराकी आणि कचेऱ्या ही सर्व कामे या खात्याकडे आली. खात्यावर वर्चस्व होते ते लष्करी अभियंत्यांचे. सर बार्टल फ्रिअर यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात (१८६२ ते १८६७) मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या शासकीय इमारतींची रांग उभी राहिली. जुने सचिवालय कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी, तर उच्च न्यायालय कर्नल जे. ए. फुलर यांनी रचले. दोघेही लष्करी अभियंते होते. व्हिक्टोरिया टर्मिनसचे रचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हेही मूळचे बांधकाम खात्यातीलच. या पिढीने इंग्लंडातील गॉथिक शैली मुंबईच्या हवामानाशी जुळवून घेतली. टोकदार कमानी, उंच मनोरे आणि खोल व्हरांडे ही त्या पर्वाची ओळख होय.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या व्यवस्थेतील उणिवा स्पष्ट होऊ लागल्या. अभियंता इमारत टिकाऊ करू शकतो, परंतु तिला देखणेपण आणि औचित्य देण्यासाठी प्रशिक्षित वास्तुविशारद हवा, ही भूमिका मान्य होऊ लागली. मुंबई सरकारने १९०१ मध्ये जॉन बेग यांची सल्लागार वास्तुविशारद म्हणून नेमणूक केली. पुढील वर्षी हिंदुस्थान सरकारने त्याच स्वरूपाचे पद निर्माण करून त्यावर जेम्स रॅन्सम यांना नेमले. ‘सल्लागार’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कार्यकारी अधिकार, निधी आणि प्रत्यक्ष बांधकाम अभियंत्यांकडेच राहिले, तर वास्तुविशारदाकडे आराखडा, दर्शनी भाग आणि सल्ला एवढे आले. विटेट यांना आपली कारकीर्द घडवावी लागली ती या मर्यादित अधिकाराच्या चौकटीत.

२. जडणघडण आणि नियुक्ती :

जॉर्ज विटेट यांचा जन्म १८७८ मध्ये स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल येथे झाला. पर्थ येथील एका वास्तुविशारदाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. त्यानंतर एडिंबरो आणि यॉर्क येथे अनुभव घेऊन ते १९०४ मध्ये भारतात आले. मुंबईत त्यांना बेग यांचे साहाय्यक म्हणून काम मिळाले. या काळात बेग यांच्या आराखड्यानुसार मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाची इमारत आकार घेत होती. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट असलेली ही वास्तू १९१३ मध्ये पूर्ण झाली. दख्खनच्या वास्तुपरंपरेचा शासकीय इमारतीत वापर कसा करावा, याचा वस्तुपाठ विटेट यांना येथेच मिळाला असे म्हणता येते.

१९०८ मध्ये बेग हिंदुस्थान सरकारच्या सेवेत गेले आणि मुंबई इलाख्याच्या सल्लागार वास्तुविशारदपदाची जबाबदारी विटेट यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तिशीचे होते. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या इलाख्याच्या सार्वजनिक वास्तूंना रूप देण्याचे काम त्यांच्यावर सोपविले गेले.

३. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम – दख्खनचे पुनर्वाचन :

प्रिन्स ऑफ वेल्स (नंतरचे पंचम जॉर्ज) यांच्या भेटीचे स्मारक म्हणून मुंबईत वस्तुसंग्रहालय उभारण्याची कल्पना पुढे आली. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांच्याच हस्ते कोनशिला बसविण्यात आली. आराखड्यासाठी खुली स्पर्धा घेण्यात आली आणि १९०९ मध्ये विटेट यांचा आराखडा निवडला गेला. ही निवड पदाच्या अधिकाराने नव्हे तर स्पर्धेतून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कुर्ल्याचा करडा काळा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड यांच्या मिश्रणातून उभारलेली ही तीन मजली इमारत अनेक स्रोतांचा संगम आहे. मध्यवर्ती घुमटाची बाह्य रेषा गोवळकोंड्याच्या वास्तूंवरून घेतली आहे. आतील बाजूस घुमटाचा भार पेलण्यासाठी परस्परांना छेदणाऱ्या कमानींची जी रचना आहे, तिचे मूळ विजापूरच्या गोल घुमटात आहे. चौरस पायावर वर्तुळाकार घुमट कसा बसवावा, या जुन्या तांत्रिक प्रश्नाला आदिलशाही कारागिरांनी दिलेले ते उत्तर होते. विटेट यांनी ते केवळ अलंकरण म्हणून नव्हे तर बांधणीचे तत्त्व म्हणून स्वीकारले. पुढे आलेले सज्जे आणि घुमटाभोवतालचे छोटे कळस मोगल प्रासादांची आठवण देतात, तर अंतर्भागात अठराव्या शतकातील वाड्याच्या धर्तीचे खांब, कठडे व सज्जा आढळतात.

विजापूर तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होते, ही वस्तुस्थिती येथे विसरता येत नाही. फर्ग्युसन आणि मेडोज टेलर यांचा विजापूरच्या वास्तुकलेवरील ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अहमदाबादच्या वास्तूंवरील जेम्स बर्जेस यांचे खंड १९०० आणि १९०५ मध्ये निघाले, तर हेन्री कझिन्स यांचा विजापूरविषयक ग्रंथ १९१६ मध्ये प्रकाशित झाला. पुरातत्त्व खात्याने मोजमापे घ्यावीत, नकाशे काढावेत आणि त्याच काळात बांधकाम खात्याने त्याच घटकांची नव्या इमारतीत मांडणी करावी, असे दुहेरी कार्य एकाच सरकारच्या दोन शाखांत चालू होते. भूतकाळाचे ज्ञान आणि वर्तमानाची सत्ता यांचा हा संबंध संग्रहालयाच्या इमारतीत स्पष्ट दिसतो. ज्या वस्तू जतन करायच्या त्यांचेच रूप घेऊन जतन करणारी इमारत उभी राहिली.

इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करण्यात आला. संग्रहालय म्हणून तिचे उद्घाटन १० जानेवारी १९२२ रोजी लेडी लॉइड यांच्या हस्ते झाले. इमारत एका हेतूने बांधली जाते आणि काळ तिला दुसऱ्याच कामाला लावतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

४. विज्ञान संस्था, लघुवाद न्यायालय आणि दानशूरांचा वाटा :

संग्रहालयासमोरच विटेट यांनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची रचना केली. गव्हर्नर सर जॉर्ज सिडेनहॅम क्लार्क यांनी या संस्थेसाठी पुढाकार घेतला. १९११ मध्ये पायाभरणी होऊन १९२० मध्ये काम पूर्ण झाले. येथे विटेट यांनी घुमट आणि जाळ्या बाजूला ठेवून युरोपीय प्रबोधनकालीन शैली निवडली. रस्त्याच्या वळणाबरोबर वळत जाणारा दर्शनी भाग, स्तंभांच्या रांगा आणि मालाडच्या पिवळसर दगडाचा वापर ही या वास्तुसमूहाची वैशिष्ट्ये आहेत. धोबी तलावाजवळील लघुवाद न्यायालयासाठीही त्यांनी युरोपीय अभिजात शैलीच स्वीकारली.

एकाच वास्तुविशारदाने रस्त्याच्या एका बाजूस दख्खनी घुमट आणि दुसऱ्या बाजूस रोमन स्तंभ का उभारावेत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर व्यक्तिगत आवडीत शोधणे पुरेसे ठरत नाही. प्राचीन वस्तूंच्या संग्रहासाठी ‘देशी’ रूप, तर आधुनिक विज्ञान आणि कायदा यांच्यासाठी ‘युरोपीय’ रूप अशी विभागणी या निवडीतून सूचित होते. हिंदुस्थान म्हणजे भूतकाळ आणि युरोप म्हणजे आधुनिकता, हे साम्राज्यवादी समीकरण येथे शब्दांवाचून मांडले गेले. ते विटेट यांच्या मनात जाणीवपूर्वक होते असा दावा करण्याची आवश्यकता नाही. शासनाच्या अपेक्षा शैलीच्या निवडीतून बोलत होत्या एवढे पुरेसे आहे.

तथापि या समीकरणाला एक महत्त्वाची दुसरी बाजू आहे. विज्ञान संस्थेसाठी सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि शेठ वसनजी मुळजी यांनी मोठ्या देणग्या दिल्या. संग्रहालयाच्या निधीतही सर करीमभाईंचा मोठा वाटा होता. पारशी, ज्यू, मुस्लिम आणि हिंदू अशा चारही समाजांतील व्यापाऱ्यांचा पैसा एका विज्ञान संस्थेत एकत्र आला. ज्या इमारतींना ‘ब्रिटिशांनी बांधलेल्या’ असे सरसकट म्हटले जाते, त्यांचा पाया बऱ्याच अंशी मुंबईच्या व्यापारी भांडवलावर उभा आहे. आराखडा सरकारी अधिकाऱ्याचा, पैसा नागरिकांचा आणि श्रम स्थानिक पाथरवट, गवंडी व बिगाऱ्यांचे, असे तिहेरी स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय या वास्तूंचा इतिहास पूर्ण होत नाही. पहिल्या दोन घटकांची नावे कोनशिलांवर कोरली गेली, तिसऱ्याची नाहीत.

५. गेटवे ऑफ इंडिया – सत्तेचे प्रवेशद्वार :

२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्या वेळी स्वागतासाठी तात्पुरती सजावट करण्यात आली होती. या आगमनाचे कायमस्वरूपी स्मारक असावे, या कल्पनेतून गेटवे ऑफ इंडिया साकार झाले. म्हणजे संग्रहालय आणि गेटवे ही एकाच व्यक्तीच्या दोन भेटींची स्मारके होत. एक युवराज म्हणून झालेल्या भेटीचे, दुसरे सम्राट म्हणून झालेल्या भेटीचे.

विटेट यांच्या अंतिम आराखड्यास १९१४ मध्ये मंजुरी मिळाली. प्रथम समुद्रात भराव टाकून भिंत बांधावी लागली. पायाचे काम १९२० मध्ये पूर्ण झाले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे २१ लाख रुपये खर्च आला. खरोडीचा पिवळसर बेसाल्ट आणि प्रबलित काँक्रीट यांचा वापर झाला, तर जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या गेल्या. मध्यवर्ती घुमटाचा व्यास ४८ फूट असून त्याची उंची जमिनीपासून ८३ फूट आहे. रोमन विजयकमानीची कल्पना आणि सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुशैलीतील तपशील यांचा मेळ येथे घातला आहे. संग्रहालयासाठी दख्खन, तर समुद्रद्वारासाठी गुजरात, अशा रीतीने इलाख्यातील दोन्ही सल्तनतींचा वारसा विटेट यांनी वापरला.

निधीच्या अभावी गेटवेकडे येणारा नियोजित सरळ मार्ग मात्र झाला नाही. त्यामुळे आजही ही कमान समोरच्या रस्त्याला तिरपी उभी आहे. साम्राज्याच्या भव्य संकल्पनेला अंदाजपत्रकाने घातलेली ही मर्यादा अतिशय बोलकी आहे.

बांधकाम चालू असतानाच राजकीय परिस्थिती पालटली होती. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी नवे प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले तेव्हा असहकार चळवळीमुळे शहरात बहिष्कार पुकारला गेला आणि त्यातून दंगली उसळल्या. राजभक्तीच्या स्मारकाची कमान पूर्ण होण्यापूर्वीच तिच्यामागील राजकीय गृहीतक ढासळू लागले होते. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून मायदेशी निघाली. उद्घाटनापासून या प्रसंगापर्यंत अवघी तेवीस वर्षे लोटली होती.

६. बंदर, व्यापार आणि कराची :

विटेट यांच्या कार्याचा एक मोठा भाग बंदरांशी निगडित होता. मुंबईतील अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीने भराव घालून पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेटची जमीन निर्माण केली. तेथील इमारतींची उंची आणि दर्शनी भाग एकसारखे राहावेत, अशी नियोजनदृष्टी विटेट यांच्या मार्गदर्शनाखाली अमलात आली. भारतातील आद्य नियोजित व्यापारी वसाहतींमध्ये तिची गणना करावी लागते. गर्दीच्या फोर्ट विभागालगत असूनही तेथील रस्त्यांवर जाणवणारी शिस्त ही त्याच नियोजनाची देणगी होय.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असल्यामुळे कराचीतील कामेही त्यांच्या कक्षेत येत होती. कराची पोर्ट ट्रस्टची घुमटधारी इमारत त्यांच्याच आराखड्यानुसार १९१६ मध्ये पूर्ण झाली आणि तिचाही उपयोग युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून झाला. मुंबईचे संग्रहालय आणि कराचीचे बंदर कार्यालय या दोन्ही वास्तूंनी आपल्या आयुष्याची सुरुवात जखमी सैनिकांना आसरा देऊन केली, हा योगायोग महायुद्धाच्या व्याप्तीची साक्ष देतो.

७. सरकारी सेवेनंतर – टाटा आणि परळचे रुग्णालय :

१९१९ मध्ये विटेट यांनी सरकारी सेवा सोडली आणि ते टाटा उद्योगसमूहाच्या अभियांत्रिकी कंपनीत वास्तुविशारद म्हणून रुजू झाले. १९२४ मध्ये पूर्ण झालेले टाटा समूहाचे मुख्यालय बॉम्बे हाऊस ही या काळातील त्यांची महत्त्वाची कृती. इलाख्याच्या सर्वोच्च वास्तुविशारदाने भारतीय उद्योगसमूहाची चाकरी पत्करावी, यातून महायुद्धोत्तर मुंबईतील आर्थिक सत्तेचे बदलते केंद्र सूचित होते.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण काम परळ येथे झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अध्यापकांची वरिष्ठ पदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. सुशिक्षित भारतीय डॉक्टरांना तेथे शिकविण्याची संधी क्वचितच मिळे. ही कोंडी फोडण्यासाठी शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना, तेथील अध्यापक पात्र व बिगरसरकारी भारतीयच असावेत अशी अट घातली. महानगरपालिकेच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयाशी संलग्न असे हे महाविद्यालय १९२६ मध्ये कार्यरत झाले. दोन्ही इमारतींचा आराखडा विटेट यांचा होता.

गेटवेच्या उद्घाटनानंतर दोनच वर्षांनी त्याच वास्तुविशारदाच्या रेखाटनातून परकीय अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीला शह देणारी संस्था उभी राहिली. तिच्या नावात सम्राट एडवर्ड यांचे स्मरण होते, तर तिच्या घटनेत स्वावलंबनाचा आग्रह. लांबच लांब व्हरांडे आणि हवेशीर कक्ष यांतून या वास्तूने स्मारकापेक्षा उपयोगाला दिलेले महत्त्व दिसते. सामान्य मुंबईकराच्या आयुष्याशी गेटवेपेक्षा या इमारतीचा संबंध अधिक जवळचा राहिला आहे.

व्यवसायाच्या भारतीयीकरणाशीही विटेट यांचा संबंध होता. मुंबईतील वास्तुकलेच्या तरुण विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये आपली संघटना स्थापन केली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष विटेट होते. हीच संघटना पुढे बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन आणि १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने ओळखली जाऊ लागली. आपली जागा पुढे घेणाऱ्या भारतीय पिढीच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सरकारी पदावर असतानाच स्वीकारले होते.

११ सप्टेंबर १९२६ रोजी अतिसाराच्या तीव्र विकाराने विटेट यांचे मुंबईत निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संपलेल्या या आयुष्यातील जवळजवळ बावीस वर्षे भारतात व्यतीत झाली होती.

८. मूल्यमापन :

विटेट यांच्या कार्याकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या भूमिका संभवतात. एका भूमिकेनुसार ते साम्राज्याचे सेवक होते आणि भारतीय वास्तुघटकांचा त्यांनी केलेला वापर म्हणजे सत्तेला देशी वस्त्र नेसविण्याचा प्रकार होता. दुसऱ्या भूमिकेनुसार ते भारतीय परंपरेचे गुणग्राहक होते. पहिली भूमिका हेतूवर बोट ठेवते आणि त्यात तथ्य आहे. गेटवेची कमान ज्या प्रसंगासाठी उभारली गेली तो प्रसंग पारतंत्र्याचाच होता. दुसरी भूमिका कृतीवर भर देते आणि तिच्यातही तथ्य आहे. नवी दिल्लीच्या शैलीविषयी वाद चालू असताना आणि लटियन्स यांच्यासारखे वास्तुविशारद भारतीय वास्तुपरंपरेविषयी अनादर व्यक्त करीत असताना, विटेट यांनी गोल घुमटाच्या बांधणीतील बुद्धिमत्ता ओळखली, हे नाकारता येत नाही.

तथापि या दोन्ही भूमिका वास्तुविशारदाला केंद्रस्थानी ठेवतात. शासकीय वास्तुविशारद हा स्वतंत्र कलावंत नसतो. जागा, हेतू, निधी आणि अनेकदा शैलीही त्याला नेमून दिलेली असते. त्याचे कर्तृत्व दिसते ते या बंधनांत राहून इमारतीला किती काळ उपयुक्त राहता येईल अशी रचना करण्यात. या कसोटीवर विटेट यांचे कार्य उजवे ठरते. संग्रहालय १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने कार्यरत असून त्याच्या इमारतीच्या जतनकार्यास २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेच्या आवारातील कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. गेटवेसमोर १९६१ मध्ये शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा स्थापन झाला. नावे बदलली, समोरची प्रतीके बदलली, परंतु भिंतींचा उपयोग संपला नाही.

निष्कर्ष :

१) सल्लागार वास्तुविशारद या पदाने अभियंत्यांच्या वर्चस्वाखालील शासकीय बांधकामात वास्तुकलेला स्वतंत्र स्थान दिले, मात्र निर्णयाचे अंतिम अधिकार शासन आणि आश्रयदाते यांच्याकडेच राहिले.

२) विटेट यांच्या वास्तूंतील शैलीभेद व्यक्तिगत लहरीतून आलेला नसून इमारतीचा हेतू आणि तिच्याविषयीच्या शासकीय कल्पना यांच्याशी निगडित आहे.

३) या वास्तूंच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांचे दान आणि स्थानिक कारागिरांचे श्रम निर्णायक होते. त्यामुळे त्यांना केवळ ब्रिटिश वारसा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

४) वास्तूचा अर्थ तिच्या कोनशिलेने कायमचा ठरत नाही. सम्राटाच्या आगमनासाठी बांधलेली कमान त्याच्या सैन्याच्या निर्गमनाची साक्षीदार झाली आणि सम्राटाच्या नावाचे रुग्णालय भारतीय वैद्यकाच्या स्वायत्ततेचे केंद्र झाले.

सार्वजनिक वास्तूंच्या जतनाचा प्रश्न आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या ठिकाणी उपस्थित होत आहे. जुनी कचेरी, जुने न्यायालय, जुने विद्यालय पाडावे की राखावे, या चर्चेत त्या वास्तू कोणाच्या राजवटीत उभ्या राहिल्या एवढाच निकष पुरेसा नाही. त्या कोणाच्या पैशाने आणि श्रमाने उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुढे कोणाची सेवा केली, याचीही नोंद घ्यावी लागेल. विटेट यांच्या कारकिर्दीचा अभ्यास हीच व्यापक दृष्टी देतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील शासकीय इमारतींचा अशा रीतीने स्थानिक पातळीवर अभ्यास झाल्यास आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण उजेडात येईल.